तोंडानं घ्या, नाकानं सोडा

“आई, अगदी हत्तीचं पिल्लू दिसतेयस,” लेक म्हणाली आणि दुकानातल्या फिरत्या खुर्चीवरून हसता हसता अर्धी खाली सांडली.

शिट्टीबाईंनी आरशात पाहिलं. नाकापासून हनुवटीपर्यंत सगळं झाकणारा पारदर्शक मास्क, डोक्यामागून आवळलेले पट्टे आणि पुढे लोंबणारी करडी नळी. पिल्लू म्हणाली ही लेकीची सभ्यता. एकूण आकारमान पाहता थेट हत्तीच म्हणायला हवं होतं. त्यांनी मास्क ओरबाडून काढला आणि टेबलावर असा टाकला, की जणू तो चावला होता.

“हा नको. तोंड झाकलं की माझा जीव घाबरा होतो.”

दुकानदार शांत माणूस होता. दिवसभर घोरणाऱ्यांच्या सबबी आणि त्यांच्या बायकांची गाऱ्हाणी ऐकून त्याच्या चेहऱ्यावर कायमचा समजूतदारपणा येऊन बसला होता. त्याने टेबलावर तीन मशिनं मांडली होती. झोपेत ज्यांचा श्वास अडतो, त्यांच्या घशात रात्रभर हलक्या दाबाने हवा सोडत राहायची आणि वाट बंद होऊ द्यायची नाही, एवढंच त्यांचं काम.

“हे मोठं घरचं,” तो म्हणाला. “पाण्याची टाकी आतच असते. हवा ओलसर, कोमट येते, घसा सुकत नाही. पण ते एका जागी ठेवायचं. हे छोटं प्रवासाचं. पर्समध्ये मावतं, बॅटरीवर चालतं. पण टाकी नाही, आवाज जरा जास्त, आणि याला याचाच मास्क लागतो. नाकपुड्यांत बसणारा. दुसरा बसत नाही. आणि हे मधलं...”

“मधलं राहू द्या. मधल्या गोष्टी मला आयुष्यात कधी मानवल्या नाहीत.”

शिट्टीबाईंनी छोटं मशीन तळहातावर घेतलं. साबणाच्या डबीएवढं. गोंडस. आजारपणाचा वास नाही, हॉस्पिटलची आठवण नाही. लेकीला तर ते इतकं आवडलं, की तिने त्याचं बारसंच करून टाकलं: पिटुकला.

“ताई, एक विचारू?” दुकानदार म्हणाला. “झोपेत तोंड उघडं राहतं का तुमचं?”

“झोपेत मी काय करते ते मला कसं ठाऊक असणार? मी झोपलेली असते.”

“बाबांना विचारू?” लेकीने लगेच फोन काढला.

“ठेव तो आत.”

“नाही, काय होतं, तोंड उघडं राहत असेल तर नाकाच्या मास्कचा उपयोग होत नाही. आठवडाभर दोन्ही वापरून बघा, मग ठरवा, असं मी सगळ्यांनाच...”

“अहो भाऊ, या गावातल्या निम्म्या लोकांना श्वास कसा घ्यायचा ते मी शिकवलंय. आता मला तुम्ही शिकवणार?”

दुकानदाराने हात जोडल्यासारखं केलं आणि पिटुकल्याचा खोका आणायला आत गेला.

हे मात्र खरं होतं. गावातल्या जलतरण तलावावर बाई गेली कित्येक वर्षं पोहायला शिकवत होत्या. पट्टीचे पोहणारे, बुडता बुडता वाचलेले, पाण्याला पाय लावायला घाबरणारे, सगळे त्यांच्या हाताखालून गेले होते. गळ्यातल्या शिट्टीवरून त्यांना कुणीतरी शिट्टीबाई म्हणालं आणि ते नाव असं चिकटलं, की बँकेतला शिपाईसुद्धा त्यांना “या शिट्टीबाई” म्हणायचा आणि मग जीभ चावायचा. तलावाच्या काठावर एक उंच खुर्ची होती. तिच्यावर बसलं की खोल टोकापासून उथळ पायऱ्यांपर्यंत सगळं पाणी एका नजरेत येई. ती बाईंची जागा. घरात त्यांना उशी कुठली, टॉवेल कुठला हे सापडायचं नाही. पण पाण्यात कुठलं डोकं दमलंय, कुठलं डोकं मस्ती करतंय आणि कुठलं डोकं आता मदत मागणार आहे, हे त्यांना तिथून बरोबर दिसायचं.

आणि त्या खुर्चीवरच त्यांचा डोळा लागला होता.

भर दुपारी. पापण्या मिटल्या कधी ते कळलंच नाही. जाग आली ती कुणीतरी पायाचा अंगठा ओढत होतं म्हणून. खाली एक चिमुरडी उभी होती, अंगातून पाणी निथळत. “मॅडम, माझा पोहायचा चष्मा तळाशी गेला. काढून द्या ना.”

झालं काहीच नव्हतं. कुणी बुडालं नव्हतं, कुणी ओरडलं नव्हतं. पण बाईंना आठवत होती ती मुलगी पलीकडच्या टोकाला, खोल पाण्यात. तिथून ती पोहत आली, बाहेर आली, काठाने चालत खुर्चीपर्यंत पोचली. आणि यातलं काहीही बाईंनी पाहिलेलं नव्हतं. मधला तेवढा तुकडा कुणीतरी कात्रीने कापून नेला होता.

चष्मा काढून देऊन त्या ओल्या अंगानेच मॅनेजरच्या खोलीत गेल्या. “सर, मी वर झोपले होते.”

मॅनेजर भला माणूस. त्याने आधी टॉवेल दिला. मग म्हणाला, “मॅडम, तुम्ही सांगितलं नसतं तर कुणाला कळलंही नसतं.”

“मला कळलं ना.”

मग डॉक्टर, मग बोटाला आणि छातीला तारा लावून झोपायची ती तपासणी, मग निदान: झोपेत श्वास वरचेवर थांबतो, मेंदू दचकून उठवतो, रात्रभर हाच खेळ. म्हणून दिवसा ही पेंग. नवऱ्याला निदान ऐकून आश्चर्य वाटलं नाही. तो कधीचाच उशी घेऊन बाहेरच्या सोफ्यावर स्थलांतरित झाला होता. “डॉक्टर, घोरण्याचं मला काही वाटत नाही,” तो म्हणाला होता, “पण मधेच थांबते ना ही, तेव्हा मीही श्वास धरून बसतो.”

मॅनेजरने एवढंच सांगितलं, की डॉक्टर हो म्हणेपर्यंत वर बसायचं नाही. उथळ पाण्यात नवशिक्यांना शिकवा. आणि मुलींचा संघ परगावी स्पर्धेला जायचा होता, शाळेच्या हॉलमध्ये मुक्काम, त्याचंही तेव्हाच बघू. “नाहीतर नवीन कोच आहेत, त्यांना पाठवू.”

नवीन कोच चांगला होता हो. पण शिट्टी अशी वाजवायचा, की जणू कुणाची झोपमोड होईल. आणि संघातल्या मुलींना बाईंनी काखेत धरून पाण्यात उतरवलं होतं.

तर अशा सगळ्या घाईत पिटुकला घरी आला.

पहिल्या रात्री घरात उत्साह असा, की जणू पाहुणाच यायचाय. नवऱ्याने सोफ्यावरची उशी परत आणली. लेकीने मशिनासाठी टेबल पुसलं. बाईंनी नाकपुड्यांत ते मऊ तुकडे बसवले, पट्टा ओढला, बटण दाबलं. हवा आली नाकातून आणि फस्सकन बाहेर पडली तोंडातून. त्यांनी तोंड मिटलं. डुलकी लागली आणि जबडा सुटला. पुन्हा फस्स. गाल फडफडले. सायकलच्या ट्यूबला भोक पडावं तसा आवाज.

सकाळी मास्क पलंगाखाली होता, नळी नवऱ्याच्या पायात होती आणि बाईंची जीभ टाळूला चिकटली होती.

“सवय होईल,” नवरा म्हणाला.

नाही झाली. चार-पाच दिवसांत उशी सोफ्यावर परत गेली. जाताना नवऱ्याने फक्त इतकंच म्हटलं, “घोरणं बरं होतं गं. त्याला निदान ताल होता.”

“मशीनच खराब आहे,” बाईंनी जाहीर केलं.

लेकीने दुकानात फोन लावला, बोलली, ठेवला. “ते म्हणतायत, मशीन ठणठणीत आहे. ते सगळं लक्षात ठेवतं म्हणे. कधी लावलं, कधी काढलं, हवा कुठून गळाली. तुझी सगळी हवा तोंडातून गळतेय.”

“चहाडखोर मेलं.”

पिटुकला कपाटात गेला, हिवाळ्याच्या स्वेटरांमागे. तलावावर मॅनेजरने विचारलं, “कसं चाललंय मॅडम?” तेव्हा बाई म्हणाल्या, “चाललंय.” आणि लगेच पाठ फिरवून पाण्यात उतरल्या, कारण त्या माणसाशी खोटं बोलण्यापेक्षा पाणी नाकात गेलेलं परवडलं असतं. स्पर्धा जवळ येत होती. मुली रोज विचारत होत्या, “मॅडम, तुम्हीच येणार ना?” आणि बाई रोज म्हणत होत्या, “आधी हात सरळ टाका.”

नवशिक्यांच्या तुकडीत तेव्हा एक पोस्टमास्तर होते, निवृत्त. डॉक्टरांनी गुडघ्यांसाठी पोहायला सांगितलं म्हणून आलेले. डोक्याला घट्ट टोपी, पोटावर चढवलेली चड्डी आणि स्वभाव असा, की पाण्यालाही आधी नियम विचारतील. त्यांचं सगळं जमायचं, फक्त श्वास जमायचा नाही. मान वळवायचे आणि नाकाने हवा ओढायचे. हवेबरोबर पाणी. मग ठसका, मग शिंका, मग कठड्याला धरून थोडा वेळ जगाविषयी तक्रार.

“पुन्हा नाकानं घेतलात,” बाई म्हणाल्या. “तोंडानं घ्यायचा, नाकानं सोडायचा. पाण्यात नाकानं आत काहीच घ्यायचं नाही.”

“कळतंय हो मॅडम. मला कळतंय. नाकाला कोण सांगणार?”

“नाकाला विसरा.”

“असं कसं विसरा? जन्मापासून तेच काम करतंय ते. एक दिवस रजा नाही घेतली.” पोस्टमास्तरांनी टोपी सारखी केली आणि वादाला तयार झाले. “तुमचंच घ्या. उद्या कुणी तुम्हाला म्हणालं, तोंड गच्च बंद आणि जे काय ते नाकानंच. तुमचं तोंड ऐकेल?”

बाई उत्तर द्यायला तोंड उघडून तशाच उभ्या राहिल्या. कमरेइतक्या पाण्यात.

अगदी लहान होत्या तेव्हापासून पाण्यात होत्या त्या. मान वळली की तोंड उघडायचं, हवा तोंडानं घ्यायची. किती वर्षं, किती फेऱ्या, किती लाख वेळा. हवेची चाहूल लागली की त्यांचं तोंड विचारत नव्हतं, सरळ उघडत होतं. जागेपणी तसं आणि झोपेतही तसंच. पिटुकला बिचारा रात्रभर नाकातून हवा द्यायचा आणि बाईंचा जबडा, उत्तम प्रशिक्षण घेतलेला जबडा, प्रत्येक वेळी तत्परतेने उघडायचा. आणि ज्या मास्कने नाक-तोंड दोन्ही झाकलं जातं, तो त्यांनी दुकानात चावल्यासारखा टाकून दिला होता. तोंडावर काही आलं तर पोहणारा माणूस ते आधी फेकून देतो म्हणून.

“काय हो, रागावलात का?” पोस्टमास्तरांनी जरा घाबरूनच विचारलं.

“नाही. तुम्ही बरोबर बोललात. तोंड नाही ऐकणार.”

“मग मी काय करू?”

बाईंनी थोडा विचार केला. “आज पोहायचं नाही. पायरीवर बसा, चेहरा फक्त पाण्याला टेकवा आणि उचला. घाई नाही. मीही...” पुढचं त्यांनी गिळलं.

तास संपेपर्यंत त्या जागच्या हलल्या नाहीत. पण तास संपताच केस न पुसता घरी, स्वेटरांमागून पिटुकला काढला आणि थेट दुकानात. लेक शाळेतून परस्पर तिथेच आली.

दुकानदाराने ‘मी म्हणालो होतो’ असं म्हटलं नाही. त्याबद्दल बाईंनी त्याला मनातल्या मनात शंभरपैकी शंभर दिले. पिटुकला परत घेऊन त्याने मधलं मशीन पुढे सरकवलं, तेच, जे बाईंनी बघायलाच नकार दिला होता. मोठ्या डब्याएवढं. त्याने एका बाजूने पाण्याची टाकी खट्कन ओढून वेगळी केली.

“घरी असलात की टाकी लावायची, उकळून गाळलेलं पाणी नाही, औषधांच्या दुकानात मिळतं ते डिस्टिल्ड घालायचं. प्रवासाला निघालात की टाकी घरीच ठेवायची. मग हे एवढंसं उरतं. आणि मास्क दोन्हीकडे तोच. परगावी जाऊन नवीन सवय लावायला नको.”

“आवाज?”

त्याने सुरू केलं. बाईंना वाटलं अजून सुरू व्हायचंय.

“आधी का नाही सांगितलंत हे?” लेक म्हणाली.

“आपण राहू द्या म्हणालात.” दुकानदार हसू दाबत म्हणाला. “मधल्या गोष्टी मानवत नाहीत ना.”

तोंड झाकणारा मास्क मात्र अजूनही नकोसाच होता. तो हातात घेतला, की लगेच खाली ठेवायच्या. मग बाईंनी स्वतःला तेच सांगितलं, जे पोस्टमास्तरांना सांगितलं होतं. आधी पायरी. पहिल्या दिवशी मशीन न लावता, पट्टे न बांधता नुसता मास्क हाताने चेहऱ्याला टेकवायचा आणि उचलायचा. दिवसाउजेडी, बाहेरच्या खोलीत, मोजे-रुमालांच्या घड्या घालता घालता. दुसऱ्या दिवशी हवा सुरू करून. मग पट्ट्यांसकट. मग टीव्हीवरची एक अख्खी मालिका. लेकीने आईची शिट्टी गळ्यात घातली होती आणि सोफ्याच्या हातावर चढून बसली होती.

“खांदे सैल सोड. सैल. पाण्याशी भांडू नकोस.”

“मी असं बोलते?”

“तू याच्यापेक्षा जोरात बोलतेस. बोलू नकोस, हवा गळतेय.”

तोंड उघडलं तरी आता बिघडत नव्हतं. तिथेही हवाच होती. घाबरलेलं तोंड दर वेळी उघडून बघायचं, हवा मिळतेय म्हणून हळूहळू निवांत व्हायचं. एका दुपारी मालिकेतली सासू कट रचत असतानाच बाई खुर्चीत झोपल्या. लेकीने टीव्ही बंद केला आणि बराच वेळ तिथेच बसून राहिली. आईच्या छातीचं वर जाणं, खाली येणं, पुन्हा वर जाणं. मधे कुठेही अडत नव्हतं.

नवरा उशी घेऊन परत आला, या वेळी जरा संशयानेच. पहिल्या सकाळी त्याचेच डोळे तारवटलेले.

“काय झालं?” बाईंनी विचारलं. स्वतःचा आवाज त्यांना वेगळाच वाटला, धुऊन काढल्यासारखा.

“मला झोपच नाही लागली.”

“मी घोरले?”

“नाही ना. एवढी शांतता. मी सारखा उठून बघत होतो, आहेस की गेलीस.” तो चहा ढवळत राहिला. मग खाली बघूनच म्हणाला, “आहेस.”

डॉक्टरांनी मशिनातली सगळी चहाडी वाचली आणि मान डोलावली. मॅनेजरला कळवलं. त्याने भाषण वगैरे केलं नाही. बाई तलावावर पोचल्या तेव्हा तो स्वतः फडकं घेऊन उंच खुर्ची पुसत होता, ओल्या भागावर पुन्हा पुन्हा. “पक्षी घाण करतात,” तो म्हणाला आणि बाजूला झाला. बाई वर चढल्या. सगळं पाणी एका नजरेत आलं. या टोकापासून त्या टोकापर्यंत, अखंड, मधला एकही तुकडा कापलेला नाही. उथळ पाण्यात पोस्टमास्तर मान वळवत होते. तोंड असं वासलेलं, की माशी काय, कबुतर शिरेल. पण श्वास तोंडानं घेतला होता. बाईंनी शिट्टी वाजवली, कारण काहीच नसताना.

स्पर्धेला जाताना टाकी घरी राहिली. मशीन खांद्याच्या पिशवीत, सोबत लांब वायरचा बोर्ड, कारण परगावच्या शाळेच्या हॉलमध्ये प्लग कुठल्या भिंतीला असेल ते देव जाणे. संध्याकाळी गाद्या घातल्यावर मुली आपापल्या पांघरुणांवरून टकमक बघत होत्या. बाईंनी लपवाछपवी केली नाही. मशीन काढलं, मास्क काढला आणि म्हणाल्या, “हे माझं. याच्याशिवाय मी झोपेत श्वास घ्यायला विसरते.”



“मॅडम, तुम्ही?” एकीने विचारलं. “तुम्ही तर आम्हाला शिकवता.”

“म्हणूनच तर सांगतेय. शिकता येतं.”

मग एकच गलका झाला. मला लावून बघू दे, मला हात लावू दे, मॅडम तुम्ही अंतराळात चालल्यासारख्या दिसता. सगळ्यांत धाकटीने शांतपणे आपली गादी उचलली आणि बाईंच्या गादीला आणून चिकटवली. तिला त्या हवेचा बारीक आवाज आवडला म्हणे.

सकाळी बाई मुलींच्या आधी उठल्या. हॉलमधून बाहेर पडून एकट्याच पाण्याकडे गेल्या. परका तलाव, अजून कुणी न मोडलेला, काचेसारखा. काठावर दुसऱ्या कुठल्यातरी संघातली एक मुलगी टॉवेलात गुरफटून उभी होती. बहुतेक तिची पहिलीच स्पर्धा. ओठ थरथरत होते, ते थंडीने की भीतीने कळत नव्हतं. तिने बाईंच्या तोंडाकडे निरखून पाहिलं. नाकाच्या दोन्ही बाजूंना आणि गालांवरून कानांपर्यंत लाल रेघा उमटल्या होत्या. खूप वेळ पोहून आलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर चष्म्याच्या उमटतात तशाच.

“मावशी, तुम्ही एवढ्या लवकर पोहूनसुद्धा आलात?”

बाईंचा हात गालावर गेला. बोटाला ती रेघ लागली.

“हो,” त्या म्हणाल्या. “आत्ताच.”

“कसं आहे हो आत? भीती नाही ना वाटत?”

“आधी वाटली,” बाई म्हणाल्या आणि तिच्याजवळ पायरीवर बसल्या. “मग छान झोप... छान शांत वाटतं. ये, आधी नुसता चेहरा टेकवू.”